लवकर आलेला ठोका

रात्रीचे पावणेतीन. खोलीत अंधार आणि मी बेडच्या कडेला बसून दोन्ही अंगठे घरच्या घरी ईसीजी काढायच्या एका चपट्या पट्टीवर टेकवलेत, श्वास जवळजवळ रोखलेला. मोबाईलवर एक रेघ सरकतेय आणि वर तीस सेकंद उलटे मोजले जातायत. तीन मिनिटांपूर्वी छातीत मासा उलटावा तसं झालं होतं, एकदा, मग परत, मग परत. म्हणून उठले, चाचपडत यंत्र शोधलं, ॲप उघडलं, अंगठे ठेवले. आणि आता रेघ एकदम शिस्तीत. टोक, टोक, टोक, सगळी सारख्या अंतरावर. तीस सेकंद संपले आणि खाली उमटलं, नॉर्मल.

शेजारून अर्धवट झोपेतला आवाज आला, "काय आलं?"

"नॉर्मल."

"मग झोप की गं."

हे असं मी दीड वर्षात किती वेळा केलं असेल ते परवा ॲपमध्ये बसून मोजलं. 412 पट्ट्या, म्हणजे तीस-तीस सेकंदांच्या 412 नोंदी. त्यातल्या 371 नॉर्मल, 38 वेळा यंत्र म्हणालं की मला सांगता येत नाही, आणि तीन वेळा माझेच हात इतके थरथरत होते की नुसतं गवत उगवल्यासारखं दिसतंय. जे पकडायला उठत होते ते या 412 मध्ये किती वेळा सापडलं, ते पुढे सांगते.

सुरुवातीला मला ॲसिडिटी वाटली. सगळ्यांना आधी ॲसिडिटीच वाटते. संध्याकाळी निवांत खुर्चीत बसलेली असायचे आणि छातीत एकदम काहीतरी थांबायचं, अर्ध्याएक सेकंदाची पोकळी, लिफ्ट खाली निघताना पोटात होतं ना तशी, आणि मग आतून एक दणका, थेट घशापर्यंत. कधी त्याने खोकला यायचा. दुखायचं नाही. पण दुखलं असतं तर बरं वाटलं असतं असं म्हणायची वेळ आली, कारण दुखणं दाखवता येतं, हे दाखवणार कसं? "छातीत कसंतरी होतं" यापलीकडे शब्दच सापडेनात. एरवी आपण किती सहज म्हणतो, काळजाचा ठोका चुकला. मूल रस्त्यात धावलं, ठोका चुकला. अपरात्री फोन वाजला, ठोका चुकला. तिथे निदान कारण तरी असतं. माझा आपला पुस्तक वाचता वाचता चुकत होता.

डॉक्टरांनी ईसीजी काढला. तो अर्थातच चांगला आला. गाडी मेकॅनिककडे नेली की तिचा आवाज बंद होतो, तसंच. साधा ईसीजी म्हणजे दहा सेकंदांचा कागद असतो हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. दिवसाचे सेकंद 86,400, त्यातले दहा. मी मनात म्हटलं, अहो, ज्याला दिवसातून वीस-पंचवीस वेळा दोन-दोन सेकंद यायचंय तो नेमका या दहांत कशाला येईल? डॉक्टरांनाही हे माहीत होतंच, त्यांनी इको करून घेतला (पडदे, झडपा, पंप, सगळं ठीक) आणि होल्टर लावायला सांगितलं.

होल्टर म्हणजे चोवीस तास अंगावर बाळगायचा ईसीजी. छातीवर ठिकठिकाणी कातडी खरबरीत जेलने घासली, चिकट इलेक्ट्रोड लावले, त्यांच्या वायरी गोळा करून गळ्यात एक छोटंसं खोकं अडकवलं. आंघोळ करायची नाही, बाकी सगळं नेहमीसारखं करा म्हणाले. सोबत एक कागद, डायरी म्हणून. किती वाजता काय करत होता, काय जाणवलं ते लिहायचं, आणि जाणवल्या क्षणी खोक्यावरचं बटण दाबायचं.

आता गळ्यात खोकं आणि शर्टाच्या आत वायरींचं जाळं घेऊन माणूस नेहमीसारखं काय करणार? पण याच्या इतिहासात डोकावल्यावर माझी तक्रार जरा बंद झाली. नॉर्मन होल्टर नावाचा अमेरिकन शास्त्रज्ञ, मोंटानातल्या हेलेनाचा. 1940च्या दशकाच्या शेवटी त्याने पहिल्यांदा हिंडत्याफिरत्या माणसाचा ईसीजी रेडिओवरून पकडला तेव्हा ते यंत्र पाठीवर बांधायचं होतं आणि वजन होतं सुमारे 38 किलो. माणूस रोजचं जगताना त्याचं हृदय कसं वागतं हे बघायचं, आणि त्यासाठी पाठीवर 38 किलो! मग त्यानेच ते कमी करत करत आणलं, 1961 साली त्याचा लेख ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. आणि त्याच्याही आधी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नेदरलँड्समधल्या लायडनला विलेम आइन्थोवेनने ज्या यंत्रावर ईसीजी काढले ते पावणेतीनशे किलोच्या आसपास होतं, चालवायला पाच माणसं लागायची आणि पेशंट हातपाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसायचा. यंत्र प्रयोगशाळेत, पेशंट दवाखान्यात, म्हणून त्याने मधल्या दीड किलोमीटरवरून टेलिफोनच्या तारेने ठोके आणवले. त्याला 1924चं नोबेल मिळालं, ते मिळायलाच हवं होतं. त्याच काळात लंडनचा ऑगस्टस वॉलर आपल्या जिमी नावाच्या बुलडॉगचे पंजे मिठाच्या पाण्यात ठेवून लोकांना ईसीजी दाखवायचा, आणि 1909 मध्ये यावरून ब्रिटनच्या संसदेत प्रश्न विचारला गेला होता की कुत्र्याचे हाल होतायत का म्हणून. हे सगळं मी होल्टर लावलेल्या रात्री जागून वाचत होते. डायरीत लिहिलं, "रात्री 12.40, वाचन." कशाचं ते लिहिलं नाही.

डायरीतल्या बाकीच्या नोंदी आता वाचताना हसू येतं. "सकाळी 11.20, ईमेल वाचत होते, एक दणका." "11.50, जिना चढले, काही नाही." "दुपारी 1.05, आला नाही पण येईल असं वाटलं." ही शेवटची खोडायची राहून गेली. बटण मी 23 वेळा दाबलं.

रिपोर्ट आला. चोवीस तासांत 98,412 ठोके. त्यातले 611 अवेळी, खालच्या कप्प्यातून आलेले, पीव्हीसी म्हणतात त्याला, किंवा नुसतं एक्टोपिक. मी आकडा ऐकून गारच. 611! मला तर वीस-पंचवीस वाटत होते. मग डॉक्टरांनी माझी डायरी शेजारी ठेवली आणि एकेक वेळ जुळवत गेल्या. मी बटण दाबलेल्या 23 पैकी फक्त नऊ वेळा तिथे खरंच एक्टोपिक होता. उरलेल्या चौदा वेळा हृदय अगदी सरळ चाललेलं. आणि सगळ्यात दाट घोळका कधी होता म्हणता? पहाटे तीन ते चार. मी गाढ झोपलेली, छान झोप लागल्याची नोंद मी सकाळी उठून केलीये. त्या एका तासात दोनशेच्या वर गेले आणि मला पत्ताही नाही.

मी जरा चिडूनच विचारलं, मग मला जाणवत होतं ते काय होतं?

त्यांनी कागद फिरवून माझ्याकडे केला आणि पेनाने दाखवायला लागल्या. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात एक बारीकशी जागा असते, सायनस नोड, ठोका कधी पडायचा ते ती ठरवते. तिथून विजेची लहर निघते, आधी वरचे कप्पे आवळतात, कागदावर तो बुटका उंचवटा, मग ठरलेल्या वाटेने लहर खाली उतरते आणि खालचे कप्पे एकदम आवळतात, ते उंच टोक. मग सगळं परत तयारीला लागतं, तो शेवटचा फुगवटा. पी, क्यूआरएस, टी. ही अक्षरं पण आइन्थोवेनचीच. आता कधीकधी काय होतं, खालच्याच कप्प्यातली एखादी जागा उतावीळ होते आणि नोडची वाट न बघता स्वतःच ठिणगी टाकते. ठरलेल्या वाटेने न जाता ती लहर स्नायूतून स्नायूत पसरते, म्हणून कागदावर ते टोक रुंद आणि बेढब दिसतं. आणि ठोका पडतो, पण वेळेच्या आधी. कप्पा अजून पुरता भरलेलाच नाही, त्यामुळे रक्त थोडंसंच बाहेर पडतं, इतकं थोडं की कधीकधी मनगटावर नाडी लागतच नाही. (मनगटावरची घड्याळं हिरव्या उजेडाने रक्ताची हालचाल मोजतात ना, त्यांना तो ठोका दिसला नाही की हार्ट रेट उगाच कमी दाखवतात. मला एकदा बसल्या जागी 38 दाखवलं होतं, त्या संध्याकाळबद्दल नको बोलायला.) मग इकडे नोडची नेहमीची लहर वेळेवर येते, पण खालचे कप्पे अजून सावरलेले नसतात, ती वाया जाते. म्हणून मोकळी जागा. त्या मोकळ्या वेळात कप्पा नेहमीपेक्षा जास्त भरतो, आणि पुढचा ठोका जास्त जोरात पडतो.

"तुम्हाला बसतो तो दणका याचा," त्या म्हणाल्या आणि पुढच्या टोकावर पेन टेकवलं. ते टोक सरळ होतं, सडपातळ, चांगलं.

म्हणजे दीड-दोन महिने मी ज्याला घाबरत होते तो नीट ठोका होता. चुकलेला असं मी म्हणत होते तो तर लवकर येऊन, अर्धवट पडून, गुपचूप निघून गेलेला, त्याचा मला आवाजच नव्हता. घरी येऊन मी फूटपट्टी घेऊन बसले. ईसीजीच्या कागदावर एक बारीक चौकोन म्हणजे 0.04 सेकंद, कागद 25 मिलिमीटर सेकंदाला या वेगाने सरकलेला असतो. एक्टोपिकच्या मागचा चांगला ठोका आणि पुढचा चांगला ठोका यांतलं अंतर मोजलं तर ते रोजच्या दोन ठोक्यांच्या अंतराच्या बरोब्बर दुप्पट. मधे एवढा गोंधळ झाला तरी नोडने आपली वेळ बदललीच नव्हती. मला हे फार आवडलं, का ते सांगता येणार नाही. मी सहा ठिकाणी मोजलं.

इथे खरं तर विषय संपायला हवा होता. इको चांगला, 611 म्हणजे शंभरात एकही पुरता नाही. हे प्रमाण दहा-पंधरा टक्क्यांच्या वर जाऊन तसंच राहिलं तर स्नायू थकू शकतो, म्हणून तेव्हा लक्ष घालावं लागतं, तुमचं त्यात काही नाही, झोप सांभाळा, कॉफी कमी करून बघा, असं सांगून त्यांनी मला घरी पाठवलं. गोळी मागितली तर म्हणाल्या, या ठोक्यांना गोळी देण्याची आमच्याकडे एक वाईट आठवण आहे. 1980च्या दशकात हार्ट अटॅक येऊन गेलेल्या ज्या पेशंटना असे अवेळी ठोके पडायचे त्यांना ते ठोके दाबणारी औषधं देत, कारण अशा पेशंटमध्ये मृत्यूचं प्रमाण जास्त दिसायचं. तर्क अगदी सरळ होता. मग कास्ट नावाची मोठी चाचणी झाली आणि 1989 मध्ये कळलं की एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधं घेणाऱ्यांचे कागदावरचे ठोके छान कमी झाले, पण माणसं मात्र खोटी गोळी घेणाऱ्यांपेक्षा जास्त गेली. कागद सुधारला आणि पेशंट गेला. माझी गोष्ट त्या पेशंटांपेक्षा पूर्ण वेगळी, पण गोळीचा हट्ट मी तिथल्या तिथे सोडला.

यंत्राचा हट्ट काही सुटला नाही. पुढच्याच आठवड्यात ती अंगठ्यांची पट्टी घरात आली.

यंत्राला नावं ठेवायची नाहीत मला. जे काम त्याला जमतं ते ते उत्तम करतं. दोन अंगठे म्हणजे उजवा हात आणि डावा हात, दोघांमधला विजेचा फरक, हृदयाकडे बघायची एकच खिडकी. दवाखान्यातल्या ईसीजीला बारा खिडक्या असतात. म्हणूनच असल्या पट्टीवर किंवा घड्याळावर हार्ट अटॅक ओळखता येत नाही, आणि डॉक्टरांनी मला दोनदा बजावलं होतं की चक्कर येऊन पडलात, छातीत दुखलं, दम लागला, तर पट्टी काढत बसू नका, निघा. पण एट्रियल फिब्रिलेशन, एएफ, ते या एका खिडकीतून चांगलं दिसतं. त्यात वरचे कप्पे आवळतच नाहीत, नुसते थरथरतात, त्यामुळे तो बुटका पी गायब आणि ठोक्यांच्या अंतराला काही म्हणजे काही ताळतंत्र नाही. थरथरत्या कप्प्यात रक्त साकळून गुठळी होऊ शकते, ती मेंदूकडे गेली की स्ट्रोक, आणि एएफ असलेल्यांना हा धोका साधारण पाचपट असतो.

माझ्या मावशीला तेच निघालं. सत्तरी ओलांडलेली, दुसऱ्याच कशासाठी तरी तपासायला गेली आणि नाडी बघणाऱ्याने भुवया उंचावल्या. किती दिवसांपासून होतं कुणास ठाऊक. तिला विचारलं, "मावशी, तुला काहीच जाणवत नव्हतं?" तर म्हणाली, "काय जाणवायचं असतं?" आता ती रक्त पातळ करायची गोळी घेते आणि तिच्या डोक्यात हृदय हा विषय दिवसातून एकदा, गोळीच्या वेळी येतो. माझ्या डोक्यात तो सकाळी डोळे उघडल्यापासून. यंत्राची गरज तिला होती आणि यंत्र माझ्या उशाशी होतं.

आणि माझं ते पकडायचं तर गणितच जमत नव्हतं. दोन सेकंदांत होऊन जाणारी गोष्ट, आणि मी दणका बसल्यावर यंत्र हातात घेणार, म्हणजे पावसात भिजून झाल्यावर छत्री उघडण्यासारखं. यावर तोडगा आहे म्हणा, लूप रेकॉर्डर असतात, ते सतत नोंदवत राहतात आणि जुनं पुसत राहतात, तुम्ही बटण दाबलं की आधीचा काही वेळही जपून ठेवतात. कातडीखाली बसवायचे इवलेसे पण असतात, काही वर्षं चालणारे, ज्यांना वारंवार बेशुद्ध पडायला होतं आणि कारण सापडत नाही अशांसाठी. मला ही कल्पना ऐकूनच हेवा वाटला होता, होऊन गेल्यावर बटण दाबायचं आणि होण्याआधीचं हातात. माझी पट्टी तसली नव्हती. तिला फक्त पुढचं दिसायचं.

मग मी पुढचं पकडायला बसायला लागले. म्हणजे काही झालेलं नसताना, येईल म्हणून. सकाळी एक पट्टी, दुपारी एक, झोपताना दोन. गंमत अशी की नुसतं अंगठे ठेवले की माझे ठोके 70 वरून 88 वर जायचे. मधे एक आठवडा तर मी पक्कं ठरवलं होतं की मला काहीतरी नवीन झालंय, कारण पट्टीवर ठोके जवळ येत होते, लांब जात होते, परत जवळ. चार रात्री झोप नाही. शेवटी कळलं की श्वास आत घेताना ठोके जरा भराभर पडतात आणि सोडताना जरा सावकाश, हे निरोगी हृदयातही होतं आणि तरुणांत जास्त. मी श्वास रोखायचं सोडून दिलं होतं म्हणून ते पहिल्यांदा दिसलं होतं.

मी एकटीच अशी नसणार हेही एव्हाना माहीत झालं होतं. घड्याळांत ईसीजी 2018 मध्ये आला, त्याच सुमारास ॲपलच्या घड्याळावर एक अभ्यास झाला, चार लाखांहून जास्त लोक. त्यातल्या साधारण 0.5 टक्के लोकांना नाडी अनियमित असल्याची सूचना आली. त्यांच्यापैकी ज्यांनी नंतर छातीवर ईसीजीची पट्टी लावून ती तपासायला परत पाठवली त्यांच्यातल्या 34 टक्क्यांना एएफ सापडलं. एएफ येतं-जातं, त्यामुळे बाकीच्यांची सूचना खोटी होती असं म्हणता येत नाही. पण मी विचार करते तो त्या बाकीच्यांचा. सूचना आली, आठवडाभर पट्टी लावली, काही सापडलं नाही. ते आता रात्री काय करत असतील?

हां, ते राहिलं. 412 मध्ये एक्टोपिक सापडले अकरा पट्ट्यांत. एकेक, दोन-दोन. अकराच्या अकरा वेळा मला काहीही जाणवलं नव्हतं.

गेल्या महिन्यात यंत्राची बॅटरी बदलली आणि चालतंय का बघायला मी नवऱ्याला म्हटलं, जरा अंगठे ठेव. तो टीव्ही बघत होता. नजर न हलवता हात पुढे केले, मी पट्टी धरली, त्याने ठेवले अंगठे. हा माणूस कुठेही, कधीही, दोन मिनिटांत झोपतो, याला स्वतःचा हार्ट रेट किती ते माहीत नाही. रेघ सरकायला लागली. 64. काय सुंदर रेघ होती, हात अजिबात हलत नव्हते. आणि सतराव्या सेकंदाला, मी नीट बघत होते, एक रुंद बेढब टोक, वेळेच्या आधी. मग मोकळी जागा. मग एक उंच, चांगला ठोका. मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. काही नाही. पापणीसुद्धा नाही.

तीस सेकंद संपले. खाली उमटलं, नॉर्मल.

"काय आलं?" त्याने विचारलं.

"नॉर्मल," मी म्हटलं आणि मोबाईल उलटा ठेवला.